जतन आणि अर्थनिर्णय : गुलाम याझदानी यांच्या कार्याचा एक विचार

१

प्राचीन वास्तूंविषयीच्या मराठी लेखनात जीर्णोद्धार, दुरुस्ती, संरक्षण आणि जतन हे चार शब्द पुष्कळदा एकमेकांऐवजी वापरले जातात. वस्तुतः त्यांच्या अर्थच्छटा भिन्न आहेत, आणि त्या भिन्नतेत वास्तूकडे पाहण्याच्या भिन्न वृत्ती दडलेल्या आहेत. जीर्णोद्धार हे पुण्यकर्म होय. त्यात महत्त्व देवतेला व पूजेच्या सातत्याला असते. जुना दगड काढून नवा बसविला म्हणून जीर्णोद्धार करणाऱ्याला काही गमावल्यासारखे वाटत नाही. दुरुस्तीच्या मुळाशी 'दुरुस्त', म्हणजे ठीक, बरोबर, हा फारसी शब्द आहे. मोडलेली वस्तू पुन्हा कामास येऊ लागली की दुरुस्ती संपली. संरक्षण हे कोणापासून तरी करावयाचे असते, आणि त्यासाठी कायदा, कुंपण व पहारेकरी पुरेसे होतात. चौथा शब्द जतन. हा संस्कृत 'यत्न' ह्या शब्दापासून आलेला आहे. त्यात उद्धाराचा अभिमान नाही, काम संपल्याचे समाधान नाही. आहे ते आहे तसे राहावे म्हणून सतत करावयाचा प्रयत्न एवढाच त्याचा अर्थ आहे.

वास्तूचे जतन करणाऱ्याला तिचा अर्थही लावावा लागतो. ही भिंत कोणी बांधली, हे चित्र कोणत्या कथेचे, हा लेख काय सांगतो, हे ठरविल्याखेरीज काय राखावयाचे व कशाला हात लावावयाचा नाही हे ठरत नाही. उलट, अर्थ लावताना चूक झाली तर तीच चूक पुढे चुना, दगड किंवा रोगण ह्यांच्या रूपाने वास्तूवर कायमची बसण्याचा संभव असतो. जतन आणि अर्थनिर्णय ह्या दोन क्रिया अशा रीतीने परस्परांत गुंतलेल्या आहेत. हा गुंता एकाच व्यक्तीच्या कारकिर्दीत सलगपणे पाहावयाचा असेल तर हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे पहिले संचालक गुलाम याझदानी (१८८५–१९६२) ह्यांच्या कार्याइतके बोलके उदाहरण दख्खनच्या इतिहासात क्वचितच सापडेल. त्यांच्या हाताखाली अजिंठा व वेरूळ ही लेणी होती, तसेच दौलताबाद आणि बीदर येथील किल्ले, महाल, मशिदी व मकबरे होते. महाराष्ट्राच्या आजच्या भूमीवरील काही श्रेष्ठ स्मारके जवळजवळ तीस वर्षे त्यांच्या निर्णयांवर अवलंबून होती. त्या निर्णयांपैकी काही आजही आधारभूत ठरतात. एकाचे परिणाम निस्तरण्याचे काम मात्र पुढील पिढ्यांच्या वाट्याला आले.

२

याझदानी हे मूळचे वास्तुतज्ज्ञ नव्हते, अभियंते नव्हते, चित्रकारही नव्हते. दिल्लीत जन्मलेला व तेथेच शिकलेला हा विद्वान अरबी-फारसीचा अध्यापक होता. शाहजहानच्या कारकिर्दीवरील मुहम्मद सालिह कंबो ह्याचा 'अमल-ए-सालिह' हा फारसी इतिहास त्यांनी 'बिब्लिओथेका इंडिका' ह्या ग्रंथमालेसाठी संपादिला. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानने पुरातत्त्व खाते स्थापन केले तेव्हा त्याची सूत्रे त्यांच्याकडे आली, आणि १९४३ मध्ये निवृत्त होईपर्यंत ती त्यांच्याकडेच राहिली. ह्याच काळात दीर्घकाल ते हिंदुस्थान सरकारचे अरबी-फारसी लेखांचे अधिकृत वाचक होते आणि 'एपिग्राफिया इंडो-मोस्लेमिका' ह्या नियतकालिकाचे संपादनही त्यांनी केले.

हा तपशील केवळ चरित्राचा भाग म्हणून सोडून देण्याजोगा नाही. पोथ्यांचे संपादन करणाऱ्याला एक शिस्त अंगी बाणवून घ्यावी लागते. पोथीत जेथे अक्षर पुसले आहे तेथे त्याला काहीतरी सुचते. पण सुचलेले अक्षर आणि लिहिलेले अक्षर ह्यांत भेद राखणे हे त्याचे पहिले कर्तव्य असते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये आरंभिलेल्या आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत ह्या शिस्तीचे एक दृश्य चिन्ह आढळते : संपादकांना ज्या पाठाची पुरती खात्री वाटत नाही त्याच्याखाली नागमोडी रेषा दिलेली असते. रेषेचा अर्थ असा की हा पाठ स्वीकारला आहे, पण उद्या तो बदलू शकेल. भिंतीवर काम करणाऱ्याला अशी नागमोडी रेषा कोठे व कशी काढावयाची, हा प्रश्न याझदानींच्या कारकिर्दीच्या मध्यभागी आहे.

खात्याच्या ग्रंथमालेचा पहिलाच अंक ह्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. १९१५ मध्ये रायचूर जिल्ह्यातील मस्की येथे सी. बीडन नावाच्या खाणकामाच्या अभियंत्याला अशोकाचा एक शिलालेख आढळला. एच. कृष्णशास्त्री यांनी तो संपादिला आणि खात्याने तो त्याच वर्षी प्रसिद्ध केला. तोवर मिळालेल्या लेखांत राजाचा उल्लेख 'देवानांप्रिय' वगैरे बिरुदांनी येत असे. मस्कीच्या लेखात प्रथमच 'अशोक' हे नाव आढळले. एका खडकावरील एका नामाने ऐंशी वर्षांच्या तर्काला पुरावा मिळाला. ह्या घटनेतून नव्या खात्याला जो धडा मिळाला तो स्पष्ट होता. दगडावर काय आहे ते प्रथम जसेच्या तसे राखले पाहिजे. त्याचे मोल काय हे राखणाऱ्याला त्या वेळी ठाऊक असेलच असे नाही.

३

ही शिस्त वास्तूंच्या बाबतीत कशी उतरली हे बीदरमध्ये पाहावयास मिळते. बहमनी व बरीदशाही राजांच्या ह्या राजधानीवर याझदानींनी १९१७ मध्ये एक लहान ग्रंथ आणि १९४७ मध्ये 'बीदर : इट्स हिस्टरी अँड मॉन्युमेंट्स' हा विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला. मधल्या तीस वर्षांत किल्ल्यातील महालांवरचे ढिगारे उपसण्याचे, झाडाझुडपांनी फोडलेल्या भिंती सावरण्याचे आणि घुमटांची गळती थांबविण्याचे काम खात्याकडून होत राहिले. जतनाचे खरे काम असे नीरस असते. पाणी कोठून मुरते हे शोधणे, हे त्यात बहुधा सर्वांत महत्त्वाचे असते.

महमूद गावानच्या मदरशाचे उदाहरण घ्यावे. ही इमारत हिजरी ८७६ मधील, म्हणजे इ. स. १४७१–७२ च्या सुमाराची होय. तिच्या कालनिर्णयाला अबजद पद्धतीचा आधार आहे. कुराणातील एका प्रार्थनेच्या अक्षरांची बेरीज केली असता नेमके ८७६ हे मूल्य येते. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटाने इमारतीचा दर्शनी भाग निम्म्याहून अधिक कोसळला व दोन मिनारांपैकी एक नाहीसा झाला. जो मिनार उरला त्यावरून पडलेल्या मिनाराचे स्वरूप ओळखणे अवघड नव्हते, कारण रचना समतोल होती. तरीही तो पुन्हा उभारला गेला नाही. दर्शनी भागाची भग्न कड आजही भग्न दिसते. सर जॉन मार्शल यांच्या १९२३ मधील जतनविषयक पुस्तिकेत जुन्या कामाचे नवे अनुकरण करण्याविरुद्ध जी ताकीद आहे तिच्याशी हे धोरण सुसंगत आहे. पण त्याचा खरा अर्थ पाठचिकित्सेच्या भाषेत अधिक नीट सांगता येतो. उरलेला मिनार हा पाठ आहे. पडलेल्या मिनाराविषयीचा तर्क, कितीही भक्कम असला तरी, टीप आहे. टिपेला पाठात स्थान मिळाले नाही.

वास्तूंच्या अंतर्भागात प्रश्न अधिक नाजूक होतो. किल्ल्यातील रंगीन महाल हा अली बरीद (१५४२–१५८०) याच्या काळातील कामासाठी प्रसिद्ध आहे. तेथील लाकडी खांबांवर व तुळयांवर कोरीव काम आहे, भिंतींवर रंगीत फरशा आहेत, आणि काळ्या दगडात शिंपल्याचे तुकडे बसवून काढलेली वेलबुट्टी व फारसी अक्षरे आहेत. येथे लाकूडकामाची परंपरा स्थानिक आणि शिंपल्याच्या अक्षरांची लिपी फारसी. दोन्ही एकाच दालनात नांदतात. अशा दालनात कोणती बाजू 'मूळ' आणि कोणती 'प्रभाव' असा प्रश्न विचारणाऱ्याला दालन उत्तर देत नाही. निखळलेला शिंपल्याचा तुकडा मात्र अक्षराचा अवयव असतो; तो चुकीच्या जागी बसविला तर शब्द बदलतो.

बीदरजवळील अष्टूर येथील अहमदशाह वली (मृत्यू १४३६) याच्या मकबऱ्यात ही नाजुकता अधिक जाणवते. बाहेरून साधा दिसणारा हा घुमट आतून सोने, शेंदरी, निळा अशा रंगांनी व अनेक शैलींतील अरबी-फारसी लेखांनी भरलेला आहे. त्यांत शाह निमतुल्ला वली यांच्या संप्रदायाची गुरुपरंपराही लिहिलेली आहे. मात्र हा मकबरा केवळ प्राचीन स्मारक नाही. अहमदशाहाला लिंगायत भाविक अल्लमप्रभूंच्या नावाने पूजितात, आणि येथील उरूस हिंदू पंचांगाप्रमाणे भरतो, त्यात जंगमाला मान असतो. याझदानींनी आपल्या ग्रंथात ह्या रूढीची नोंद केली. भिंतीवर लिहिलेला अर्थ शिया-सूफी परंपरेचा आणि भाविकांच्या मुखातील अर्थ वीरशैव परंपरेचा. लेखवाचकाने पहिलाच खरा मानून दुसरा अज्ञानजन्य ठरविला असता तर ते सोपे होते. पण वास्तूला प्राप्त झालेला अर्थ हाही तिच्या इतिहासाचा भाग असतो, आणि बहुधा त्या दुहेरी श्रद्धेमुळेच ती सांभाळली जाते. दिवाबत्ती, ऊद व धूप यांनी चित्रांवर काजळी धरते, पण ज्या वास्तूत कोणीही दिवा लावीत नाही तिच्या घुमटातील पिंपळ उपटावयासही कोणी जात नाही.

बीदरच्या किल्ल्यातील सोळाखांब मशिदीचा शिलालेख हिजरी ८२७ चा, म्हणजे इ. स. १४२३–२४ चा आहे. बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला केव्हा हलली, ह्या वादात ह्या एका तारखेला मोठे मोल आले. इतिहासग्रंथांतील विधाने आणि दगडावरील अंक ह्यांत विसंगती दिसली की अभ्यासकाला पुन्हा विचार करावा लागतो. तसा विचार करता यावा एवढ्यासाठीच दगड जागच्या जागी राखावयाचा असतो.

४

अजिंठ्याचे प्रकरण ह्याहून कठीण होते. १८१९ मध्ये जॉन स्मिथ ह्या इंग्रज अधिकाऱ्याने ही लेणी पाहिली. दहाव्या लेण्यातील खांबावर त्याने कोरलेले नाव व तारीख आजही आहे. त्यानंतरची शंभर वर्षे ही बऱ्याच अंशी नाशाची कथा आहे. मुंबईच्या डॉ. बर्ड यांनी सतराव्या लेण्यातील काही आकृती भिंतीवरून सोलून काढण्याचा प्रयत्न केला आणि त्यात त्यांचा चुरा झाला. प्रतिकृती करण्याचे प्रयत्न प्रामाणिक होते, पण दैव अनुकूल नव्हते. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अनेक वर्षे खपून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ ह्या काळात आपल्या विद्यार्थ्यांकडून नव्या प्रती करवून घेतल्या. त्यांतील बऱ्याच १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत गेल्या. लेडी हेरिंगहॅम यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुन्हा हे काम हाती घेतले. त्यांच्या साहाय्यकांत नंदलाल बोस, असितकुमार हालदार हे तरुण चित्रकार होते, तसेच हैदराबादचे सय्यद अहमद होते. हेच सय्यद अहमद पुढे याझदानींच्या खात्यात लेण्यांची देखरेख व प्रतिकृतींचे काम करीत राहिले.

प्रतिकृती करणाऱ्यांनी चित्रांना एक इजाही केली. धूळ, धूर व वटवाघळांची घाण ह्यांमुळे मंद झालेले रंग नीट दिसावेत म्हणून ग्रिफिथ्स यांच्या काळात त्यांवर रोगण लावण्यात आले. प्रत काढावयाची तर मूळ दिसले पाहिजे, आणि मूळ दिसावे म्हणून मुळावरच लेप चढवावयाचा, असा हा प्रकार होता. काही वर्षांत तो लेप पिवळा पडून चित्रे अधिकच झाकली गेली. पोथीची नक्कल करणाऱ्याने अक्षरे वाचता यावीत म्हणून मूळ पोथीवरच शाई गिरवावी, तसेच हे झाले.

याझदानींकडे लेणी आली तेव्हा तीन संकटे एकत्र होती. भिंतींवरील गिलावा खडकापासून सुटत होता. रंगाचे पापुद्रे गळत होते. आणि जे शिल्लक होते ते जुन्या रोगणाखाली व काजळीखाली दिसेनासे झाले होते. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या सरकारने, विशेषतः सर अकबर हैदरी यांच्या पाठिंब्याने, ह्या कामासाठी इटलीहून तज्ज्ञ बोलाविले. लोरेन्झो चेक्कोनी व काउंट ओर्सिनी हे दोघे १९२० ते १९२२ ह्या काळात दोन हिवाळे अजिंठ्यात राहून काम करीत होते. त्यांनी सुटलेला गिलावा चिकट द्रव्य आत सोडून पुन्हा भिंतीला धरविला, फुटलेल्या कडा लिंपून पक्क्या केल्या, पृष्ठभाग स्वच्छ केला, आणि शेवटी मद्यार्कात विरघळविलेल्या चपड्याचा, म्हणजे लाखेचा, लेप दिला.

ह्या कामाचे मूल्यमापन करताना दोन भाग वेगळे केले पाहिजेत. गिलावा धरविण्याचे व कडा बांधण्याचे काम तातडीचे होते. ते झाले नसते तर आज ज्या चित्रांची चर्चा होते त्यांतील काही भाग उरलाच नसता. चपड्याच्या लेपाची गोष्ट निराळी आहे. त्या काळी सुटे रंग घट्ट करण्याचा तो एक सर्वमान्य उपाय होता, आणि लेप दिल्यावर रंग तत्काळ उजळतात हा त्याचा मोठा मोह होता. पण चपडा जुना होता होता पिवळा, मग तपकिरी होतो. तो आकसतो, ठिसूळ होतो, धूळ धरून ठेवतो, आणि काळाच्या ओघात मद्यार्कातही सहजी विरघळेनासा होतो. अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. माती, वनस्पतींचे तंतू, तूस व वाळू यांच्या गिलाव्यावर पातळ पांढरा थर देऊन, तो सुकल्यावर खळीत कालविलेल्या रंगांनी ती रंगविली आहेत. १९३० नंतरच्या दशकात मद्रासचे रसायनज्ञ एस. परमशिवन् यांनी ह्या तंत्राचे पृथक्करण केले. असा मातीचा गिलावा हवेतील ओल शोषतो व सोडतो, पावसाळ्यात किंचित फुगतो आणि उन्हाळ्यात आक्रसतो. त्यावरचा कडक लेप मात्र त्याच्याबरोबर हलत नाही. आकसताना तो खालचा रंगच ओढून उचलतो. रंग धरून ठेवण्यासाठी लावलेला लेपच रंग सुटण्याचे एक कारण बनला.

५

ह्याच वर्षांत याझदानींनी अर्थनिर्णयाचे काम हाती घेतले. 'अजंता' ह्या ग्रंथाचे चार भाग १९३०, १९३३, १९४६ आणि १९५५ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठ मुद्रणालयाने प्रसिद्ध केले. पहिल्या भागाला लॉरेन्स बिन्यन यांचा कलाविषयक प्रास्ताविक निबंध आहे, आणि लेण्यांतील लेखांच्या वाचनासाठी ना. प्र. चक्रवर्ती यांच्यासारख्या तज्ज्ञाचे साहाय्य घेतलेले आहे. प्रतिकृतींचा अनुभव लक्षात घेऊन याझदानींनी येथे छायाचित्रणावर भर दिला. त्यामुळे चित्रकाराच्या हातातून येणारी आवड-निवड बाजूला राहिली. त्या चित्रफलकांवरून आज एखाद्या आकृतीची मधल्या काळातील झीज पडताळता येते, ही त्यांची अनपेक्षित पण मोठी उपयुक्तता होय.

चित्रांतील कथा ओळखण्याचे काम त्यांच्या पूर्वीच सुरू झालेले होते. १९०२ मध्ये हाइनरिख ल्यूडर्स यांनी दुसऱ्या लेण्यातील चित्रांजवळ रंगाने लिहिलेले संस्कृत श्लोक आर्यशूराच्या 'जातकमाले'तील असल्याचे दाखवून दिले, आणि त्यावरून तेथील क्षांतिवादी व मैत्रीबल ह्या जातकांची ओळख निश्चित झाली. चित्राचा अर्थ चित्राशेजारीच लिहिलेला होता. पण ती अक्षरे रंगाचीच असल्यामुळे रंगाबरोबर त्यांचाही नाश होणार होता. भिंतीवरील एखादा क्षुल्लक दिसणारा फिकट डाग हा वाक्याचा भाग असू शकतो, ही गोष्ट अजिंठ्याच्या जतनाला निराळे गांभीर्य देते.

जेथे असा लेखी आधार नाही तेथे अर्थ लावणाऱ्याची कल्पना मोकळी सुटते. पहिल्या लेण्यातील एका दरबारी दृश्यात परदेशी पोशाखातील माणसे दिसतात. जेम्स फर्ग्युसन यांनी १८७९ मध्ये असे प्रतिपादिले की हे इराणचा राजा दुसरा खुस्रो याच्या वकिलातीचे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या दरबारातील आगमन होय. ही ओळख इतकी आकर्षक होती की पाठ्यपुस्तकांत ती वस्तुस्थिती म्हणून शिरली, आणि तिच्या आधारे लेण्याचा काळही पुढे ओढला गेला. पुढे डीटर श्लिंगलोफ यांनी हे दृश्य महासुदर्शन राजाच्या बौद्ध कथेतील असल्याचे दाखविले. शतकभर एका चित्रावर एक अर्थ लेपासारखा बसून राहिला. फरक एवढाच की तो कागदावरचा होता; चित्राला त्याची झळ लागली नाही, आणि म्हणून तो काढून टाकता आला.

सोळाव्या लेण्यातील शिलालेखाचे उदाहरण ह्याहून उद्बोधक आहे. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने हे लेणे दान दिले, असे सांगणारा हा लेख बराच झिजलेला आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यापासून भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर यांच्यापर्यंत अनेकांनी तो वाचला. १९३९ मध्ये वाशीमचा वाकाटक ताम्रपट उजेडात आला आणि त्यात विंध्यशक्तीच्या वंशाची एक निराळी शाखा दिसली. त्यानंतर वा. वि. मिराशी यांनी सोळाव्या लेण्याचा लेख पुन्हा तपासला. पूर्वसूरींनी वेगळे नाव वाचलेल्या जागी त्यांना वत्सगुल्म शाखेचा संस्थापक सर्वसेन याचे नाव वाचता आले. मिराशींचे हे संपादन १९४१ मध्ये याझदानींच्याच खात्याच्या ग्रंथमालेत चौदाव्या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. वाकाटकांचा इतिहास त्यामुळे नव्याने मांडावा लागला.

येथे क्षणभर विरुद्ध कल्पना करून पाहावी. पुसट झालेली अक्षरे प्रवाशांना नीट दिसावीत म्हणून कोणी एकोणिसाव्या शतकातील वाचनानुसार ती पुन्हा कोरली असती, तर वाचन त्या काळच्या श्रेष्ठ पंडितांचे असल्यामुळे त्या कामाची स्तुतीच झाली असती. पण सर्वसेनाचे नाव त्या छिन्नीखाली कायमचे गेले असते. झिजलेले अक्षर झिजलेलेच राहिले, म्हणून साठ वर्षांनंतर अधिक जाणणाऱ्या वाचकाला ते वाचता आले.

६

ह्या उदाहरणांवरून जतनाची एक कसोटी हाती येते. वास्तू अशी राखली पाहिजे की ती आपल्या राखणदाराचे मत उद्या खोडून काढू शकेल. भग्न मदरसा ह्या कसोटीला उतरतो, कारण पडलेल्या भागाविषयी कोणीही नवा तर्क करू शकतो. सोळाव्या लेण्याचा लेख उतरतो. चपड्याचा लेप मात्र उतरत नाही. त्याने चित्रावर एक मत चढविले : रंग असे दिसावेत, आणि ते ह्या द्रव्यानेच टिकतील. हे मत मागे घेण्याची सोय त्यात नव्हती.

त्यासाठी याझदानींना दोषी धरावे काय? प्रश्न न्यायाने पाहावयास हवा. १९२० साली अजिंठ्याच्या गिलाव्याचे पुरते रासायनिक ज्ञान कोणालाही नव्हते. परमशिवन् यांचे संशोधन नंतरचे आहे. चित्रे गळत असताना ज्ञान पूर्ण होण्याची वाट पाहत बसणे हाही एक निर्णयच असतो, आणि त्याची किंमत भिंतीलाच मोजावी लागते. शिवाय दोष एका पिढीपुरता नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९५३ मध्ये लेण्यांचा ताबा घेतल्यावर जुना चपडा काढण्याचे दीर्घ काम सुरू केले. पण त्या काळात नव्या कृत्रिम राळेचे लेपही देण्यात आले, आणि पुढे त्यांचाही प्रश्न उभा राहिला. प्रत्येक पिढीला आपले द्रव्य निर्दोष वाटते. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेने नवव्या व दहाव्या लेण्यांसारख्या ठिकाणी अतिशय सावकाश, इंचाइंचाने लेप व काजळी उतरविण्याचे काम केले. त्यातून इसवी सनापूर्वीच्या काळातील चित्रे पुन्हा डोळ्यांना दिसू लागली. म्हणजे चित्र नष्ट झाले नव्हते; ते झाकलेले होते. पण जेथे लेपाने रंग उचलला तेथे उतरविण्यासारखे काही उरलेले नाही.

याझदानींच्या बाजूने एक गोष्ट निश्चितपणे सांगता येते. त्यांच्या खात्याने आपले काम लपविले नाही. वार्षिक अहवालांतून, ग्रंथमालेतून आणि चित्रफलकांतून काय होते व काय केले ह्याच्या नोंदी राहिल्या. पुढील रसायनज्ञाला कोणता लेप कोणी, केव्हा, कशात विरघळवून दिला हे कळले, ते ह्या नोंदींमुळे. नोंद नसती तर प्रत्येक डागाशी अंधारात झगडावे लागले असते. संपादकाच्या नागमोडी रेषेचे काम भिंतीच्या बाबतीत बहुधा ही नोंदच करते. भिंतीवर शंका लिहिता येत नाही. ती वहीत लिहावी लागते, आणि वही भिंतीइतकीच जपावी लागते.

१९५९ मध्ये याझदानींना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. १९६० मध्ये त्यांनी संपादिलेला दख्खनच्या प्राचीन इतिहासाचा ग्रंथ दोन भागांत प्रसिद्ध झाला. १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले. तोवर त्यांचे हैदराबाद संस्थान नाहीसे झालेले होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर बीदर मैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. अजिंठा मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात आला. एकाच खात्याने, एकाच ग्रंथमालेने जोडलेली ही स्मारके आता निरनिराळ्या राज्यांत आहेत, आणि त्यांचा अभ्यासही बहुधा निरनिराळ्या भाषांत व निरनिराळ्या विषयांखाली होतो. अष्टूरच्या घुमटावर काम करणाऱ्याला फारसी यावी लागते, अजिंठ्यावर काम करणाऱ्याला संस्कृत व पाली, आणि दोघांनाही थोडे रसायनशास्त्र. आपल्या विद्यापीठांतील विषयांच्या भिंती ह्या गरजेकडे पाहून बांधलेल्या नाहीत. ज्या विद्यार्थ्याला प्राचीन वास्तूंच्या जतनाच्या कामाकडे वळावयाचे आहे त्याने प्रथम कोणते शास्त्र शिकावे, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. याझदानींच्या कारकिर्दीवरून त्याचे उत्तर असे दिसते की शास्त्र कोणतेही असो, मूळ पाठ आणि आपला तर्क ह्यांतील सीमारेषा जेथे काटेकोरपणे शिकविली जाते तेथून आरंभ करावा. आणि भिंतीला हात लावण्यापूर्वी, हे काम पन्नास वर्षांनी कोणाला उलटवावयाचे झाल्यास उलटविता येईल काय, हे विचारावे. उत्तर नकारार्थी असेल तर दुसरा उपाय शोधावा. आणि दुसरा उपाय नसेलच, तर निदान आपण काय केले ते सविस्तर लिहून ठेवावे.